प्री-मेडिकल म्हणजे डॉक्टरकी नव्हे : परदेशी वैद्यकीय शिक्षणाचा विचार करणाऱ्या बौद्ध विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी माहीत करून घ्यावे असे

बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की इंदापूर, बारामती, भिगवण, वालचंदनगर या पट्ट्यात ‘परदेशात एमबीबीएस’चे फलक झळकू लागतात. हॉटेलात मोफत मार्गदर्शन मेळावे होतात आणि ज्यांचे गुण थोडे कमी पडले त्यांच्या घरी फोन सुरू होतात. नीरा नदीच्या काठावरच्या निरवांगीसारख्या गावातही असे फोन येतात. आपल्या वस्तीत पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी विज्ञान शाखेत चांगल्या गुणांनी पास झालेली असते. घरात कोणी डॉक्टर नाही आणि प्रवेशाची वाट दाखवणाराही कोणी नाही. अशा वेळी समोरच्या माणसाने ‘आधी दोन वर्षे प्री-मेडिकल, मग चार वर्षे एमडी, परत आलात की डॉक्टर’ असे छापील पत्रक हातात ठेवले, की आई-वडील कर्जाचा विचार करू लागतात.

या भागात काम करताना असे पत्रक घेऊन आलेले पालक मला अनेकदा भेटतात. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा पैशांचा असतो. किती लागतील आणि कुठून मिळतील, हे त्यांना हवे असते. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर भारतात डॉक्टर म्हणून नाव नोंदवता येईल का? याचे लेखी उत्तर हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नये, हे या लेखाचे सांगणे आहे.

प्री-मेडिकल म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे बारावीनंतर थेट एमबीबीएसला प्रवेश मिळतो. जगात सगळीकडे अशी पद्धत नाही. अमेरिकेत आधी चार वर्षांची साधी पदवी घ्यावी लागते. त्या काळात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे ठरावीक विषय पूर्ण करायचे, एमकॅट नावाची परीक्षा द्यायची आणि मग वैद्यकीय महाविद्यालयात चार वर्षांच्या एमडीसाठी अर्ज करायचा. या पहिल्या टप्प्यातल्या विद्यार्थ्याला तिथे प्री-मेड म्हणतात. प्री-मेड ही डॉक्टरची पदवी नाही आणि वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळेल याची हमीही नाही. अमेरिकेतली बरीच वैद्यकीय महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही महाविद्यालये मोठी रक्कम आधी दाखवायला सांगतात.

फिलिपिन्समध्येही अमेरिकेच्या धर्तीवरच पद्धत आहे. आधी बीएस म्हणजे विज्ञानाची पदवी, मग एनमॅट नावाची प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर चार वर्षांची एमडी. कॅरिबियन बेटांवरच्या अनेक महाविद्यालयांतही आधी प्री-मेडिकल आणि नंतर एमडी असे दोन टप्पे असतात. तिथे शेवटची दोन वर्षे रुग्णालयातल्या शिक्षणासाठी विद्यार्थ्याला अनेकदा दुसऱ्याच देशात पाठवतात.

रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किरगिझस्तान, उझबेकिस्तान अशा देशांत बारावीनंतर थेट वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू होतो. काही ठिकाणी पहिले वर्ष भाषा आणि विज्ञानाच्या तयारीचे असते आणि त्याला ‘पूर्वतयारी विभाग’ म्हणतात. हे वर्षही वैद्यकीय अभ्यासक्रमात धरले जात नाही.

एमडी या शब्दानेही गोंधळ होतो. आपल्याकडे एमडी ही एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर पदवी आहे. या देशांत एमडी ही डॉक्टरची पहिली पदवी असते आणि भारतात तिचा विचार एमबीबीएसच्या पातळीवरच होतो. ‘सहा वर्षांत एमडी’ असे ऐकून मूल थेट तज्ज्ञ डॉक्टर होऊन येणार, असा समज करून घेऊ नये.

भारतातला नियम काय सांगतो?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी नवे विनियम जाहीर केले. त्यानंतर परदेशात प्रवेश घेणाऱ्यांसाठी मुख्य अटी अशा आहेत :

१. नीट पात्र असणे आवश्यक. २०१८ पासून परदेशात जाणाऱ्यांनाही ही अट लागू आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता ४० पर्सेंटाइलची आहे. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षे चालतो.

२. वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा.

३. त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी.

४. संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत हवे. दोन वर्षे इथे आणि दोन वर्षे तिथे, असे चालत नाही.

५. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी हवे.

६. ज्या देशात शिकलात तिथे, तिथल्या नागरिकांच्या बरोबरीने, डॉक्टर म्हणून काम करण्याचा परवाना किंवा नोंदणी मिळण्याची पात्रता हवी.

७. परत आल्यावर भारतातली परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते.

एजंट बहुतेक वेळा पहिल्या अटीबद्दलच बोलतो. दुसरी, चौथी आणि सहावी अट पत्रकात सापडत नाही. पैसे बुडतात ते या तीन अटींमुळेच.

फिलिपिन्सचा अनुभव

नियम येण्याआधी महाराष्ट्रासह अनेक राज्यांतले विद्यार्थी फिलिपिन्सला गेले. त्यांना सांगितले गेले होते की दीड-दोन वर्षांचे बीएस आणि चार वर्षांची एमडी मिळून साडेपाच-सहा वर्षांचा ‘एमबीबीएस’ होतो. आयोगाने मात्र बीएस हा वैद्यकीय अभ्यासक्रम मानला नाही. बीएसमध्ये जीवशास्त्र आणि त्याच्या जवळचे विषय असतात, पण ते बारावीनंतरच्या विज्ञान पदवीचे शिक्षण आहे. ते बाजूला काढले की उरतात एमडीचे ४८ महिने. अट ५४ महिन्यांची आहे. म्हणजे सहा महिने कमी पडतात आणि सगळे शिक्षण अटीबाहेर जाते.

१८ नोव्हेंबर २०२१ पूर्वी एमडीला प्रवेश मिळालेल्यांना जुने नियम लागू राहिले. त्या दिवशी बीएसमध्ये शिकत असलेल्यांची मोठी अडचण झाली. ते देशाबाहेर होते, फी भरून झाली होती, करोनामुळे अनेकांचे वर्ग घरून ऑनलाइन चालू होते आणि त्यांचा डॉक्टर होण्याचा रस्ता तिथूनच बंद झाला. या मुलांची अभ्यासात काही चूक नव्हती. त्यांनी विकत घेतलेल्या ‘प्री-मेडिकल’ या शब्दाला भारतीय नियमात जागाच नव्हती.

कॅरिबियन महाविद्यालयांबाबत ४८ महिन्यांच्या प्रश्नासोबत एकाच संस्थेची अटही आडवी येते. बेटावर दोन वर्षे आणि पुढचे शिक्षण दुसऱ्या देशातल्या रुग्णालयात, ही रचना त्या अटीत बसत नाही.

तेव्हा पत्रकावर एकूण वर्षे किती लिहिली आहेत ते बाजूला ठेवा. शुद्ध वैद्यकीय शिक्षणाचे महिने किती, ते मोजा. प्री-मेडिकल, भाषेचे वर्ष, पूर्वतयारी विभाग, ऑनलाइन सत्र आणि इंटर्नशिप वजा केल्यावर ५४ महिने उरले पाहिजेत.

‘एनएमसी मान्यताप्राप्त’ या पाटीचा अर्थ

परदेशातल्या कोणत्या महाविद्यालयांत प्रवेश घ्यावा याची मान्यताप्राप्त यादी आयोग प्रसिद्ध करत नाही. अटी पूर्ण होतात का हे पाहण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकलेली आहे. त्यामुळे फलकावर ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ असे लिहिलेले दिसले, तर कोणत्या कागदाच्या आधारे लिहिले ते विचारा. जगभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या एका आंतरराष्ट्रीय सूचीचा दाखलाही दिला जातो. त्या सूचीत नाव असणे म्हणजे ते महाविद्यालय अस्तित्वात आहे एवढेच. भारतात ती पदवी चालेल असा त्याचा अर्थ होत नाही.

आयोग वेळोवेळी सावधगिरीच्या सूचना काढतो. प्रवेशाच्या आधी आयोगाच्या संकेतस्थळावर त्या देशाबद्दल आणि त्या महाविद्यालयाबद्दल काही सूचना आहे का, हे स्वतः पाहावे. त्या देशातल्या भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावरही विद्यार्थ्यांसाठी सूचना असतात.

परत आल्यावरची परीक्षा

परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांना एफएमजीई द्यावी लागते. ही परीक्षा राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळ वर्षातून दोनदा, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये घेते. ३०० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पुढे नेक्स्ट नावाची परीक्षा तिची जागा घेणार आहे, पण ती लागू होईपर्यंत एफएमजीईच आहे.

अलीकडच्या अनेक सत्रांत पाच परीक्षार्थींमागे एकाच्या आसपास उत्तीर्ण झाले आहेत. एजंटच्या पत्रकात ही गोष्ट नसते. यात मुलांच्या बुद्धीपेक्षा शिक्षणाच्या दर्जाचा भाग मोठा आहे. ज्या महाविद्यालयात रुग्ण कमी, स्थानिक भाषा न येणाऱ्या विद्यार्थ्याला रुग्णाशी बोलता येत नाही आणि हात लावून शिकायला मिळत नाही, तिथून आलेल्या विद्यार्थ्याला ही परीक्षा जड जाते. म्हणून वर्ग इंग्रजीत चालत असले तरी रुग्णालयात कोणती भाषा बोलतात, ती शिकवण्याची सोय आहे का आणि संलग्न रुग्णालय किती खाटांचे आहे, हे विचारणे गरजेचे आहे. तिथे शिकत असलेल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी एजंट समोर नसताना बोला.

पैसा, सावकार आणि वतनाची जमीन

बँकेचे शैक्षणिक कर्ज साधारण साडेसात लाखांच्या पुढे गेले की तारण मागितले जाते. बहुतेक बँका शेतजमीन तारण घ्यायला तयार नसतात. मग कुटुंब खासगी सावकाराकडे वळते. आपल्या भागात शेकडा दोन-तीन रुपये महिना असा दर सर्रास बोलला जातो. समजा २० लाख रुपये शेकडा दोन रुपयांनी घेतले. महिन्याचे व्याज ४०,००० रुपये झाले. सहा वर्षांत निव्वळ व्याज २८ लाख ८० हजार होते आणि मुद्दल तसेच उभे राहते. ऊस तोडणीच्या किंवा रोजंदारीच्या कमाईवर हा हप्ता कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आपल्या अनेक कुटुंबांकडे जी थोडीफार जमीन आहे ती जुन्या महार वतनाची आहे. या वतनाच्या जोखडातून समाज मोकळा व्हावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीने कुटुंबांना परत देण्यात आल्या. सातबाऱ्यावर अशी जमीन भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसते. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. ‘पैसे फेडले की जमीन परत’ असे साध्या मुद्रांकावर लिहून दिलेले व्यवहार आपल्याकडे झाले आहेत आणि त्यात जमिनी गेल्या आहेत. शिक्षणासाठी म्हणून असा कागद कोणीही करू नये. सही करण्याआधी सातबारा आणि फेरफार एखाद्या वकिलाला दाखवावा.

परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे. तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते आणि बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

कर्ज काढायचेच असेल तर आधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना देशातल्या तसेच परदेशातल्या व्यावसायिक शिक्षणासाठी आहे. निधी, अटी आणि लागणारा वेळ यांची माहिती लेखी मागा.

शिष्यवृत्ती नेमकी कोणत्या टप्प्यावर मिळते?

मुलांचा मोठा गैरसमज इथे असतो. ‘आपल्याला परदेशी शिक्षणासाठी सरकार पैसे देते’ एवढेच कानावर आलेले असते. सरकार पैसे देते हे खरे आहे, पण प्री-मेडिकलला किंवा बारावीनंतरच्या पदवीला ते मिळत नाहीत.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही राज्य शासनाची योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांची निवड होते आणि ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी असते. जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आतल्या विद्यापीठात प्रवेश लागतो. पदव्युत्तरसाठी ३५ आणि पीएचडीसाठी ४० वर्षे अशी वयोमर्यादा आहे. अर्ज पुण्यातल्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातात. क्रमवारी, गुण आणि उत्पन्न यांच्या अटी बदलत आल्या आहेत, म्हणून त्या वर्षाची जाहिरात वाचूनच अर्ज करावा.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप वर्षाला १२५ जणांसाठी आहे आणि त्यांतल्या ११५ जागा अनुसूचित जातींसाठी आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आणि वय ३५ पर्यंत हवे. ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. तीही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठीच आहे. कोणत्याही विषयातल्या पहिल्या पदवीला ती मिळत नाही.

याचा सरळ अर्थ असा की आपल्यासाठी परदेशाचे सरकारी दार पहिल्या पदवीनंतर उघडते. भारतात एमबीबीएस, बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग किंवा फिजिओथेरपी पूर्ण केलेला विद्यार्थी सार्वजनिक आरोग्य किंवा वैद्यकीय संशोधन अशा विषयासाठी सरकारच्या खर्चाने जगातल्या नामांकित विद्यापीठात जाऊ शकतो. तोच विद्यार्थी १८ व्या वर्षी घाईने प्री-मेडिकलला गेला, तर कुटुंब कर्जात जाते आणि पुढे हे दार त्याच्या कामी येईलच असे नाही.

बाबासाहेबांच्या प्रवासातून घ्यायचे ते

परदेशी शिक्षणाची गोष्ट निघाली की आपण बाबासाहेबांचे नाव घेतो. त्या प्रवासाचा हिशेबही पाहावा. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा मुंबईची बी.ए. पदवी त्यांच्या हातात होती. सयाजीराव गायकवाड महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर झालेली होती. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी प्रवेश घेतला. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले.

परतण्याआधी त्यांनी एक काम करून ठेवले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली. मुंबईत सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली.

हा दहा वर्षांचा प्रवास आहे. तो सलग झाला नाही आणि मध्ये पैसा संपला, तरी पुढचा मुक्काम कागदावर पक्का होता. त्यांनी मिळवलेली प्रत्येक पदवी स्वतःच्या पायावर उभी होती. कोलंबियाहून पुढे जाता आले नसते तरी एम.ए. वाया गेले नसते. आपल्या मुलांसाठीही हीच कसोटी लावावी. जो टप्पा आता घेत आहोत तो मध्येच थांबावे लागले तर त्याचा उपयोग काय, हे विचारावे. दोन वर्षांचे प्री-मेडिकल या कसोटीवर टिकत नाही.

पुढच्या प्रवासाचा आराखडा

अनेक मुले म्हणतात, ‘आधी फिलिपिन्स किंवा जॉर्जिया, मग तिथून अमेरिका नाहीतर इंग्लंड.’ इच्छा चांगली आहे. पण आराखडा शेवटच्या मुक्कामापासून मागे मोजत करावा लागतो.

अमेरिकेत जायचे असेल तर परदेशी वैद्यकीय पदवीधराला ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी यूएसएमएलईची पहिली पायरी आणि दुसऱ्या पायरीची लेखी परीक्षा द्यावी लागते आणि मग रेसिडेन्सीसाठी निवड होते. आपले महाविद्यालय त्यांच्या अटीत बसते का, हे पहिल्या वर्षाला प्रवेश घेण्याआधीच पाहावे.

इंग्लंडमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. तिचा नेहमीचा मार्ग प्लॅब परीक्षेतून जातो आणि सोबत इंग्रजीची परीक्षा असते.

जर्मनीत अप्रोबात्सिओन नावाचा परवाना लागतो. त्यासाठी जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत आणि वैद्यकीय जर्मन त्याहून वरच्या पातळीपर्यंत यावी लागते. हे काम शेवटच्या वर्षी सुरू करून होत नाही.

या तिन्ही देशांना पूर्ण झालेली वैद्यकीय पदवी लागते. प्री-मेडिकलच्या जोरावर यांतला कोणताही दरवाजा उघडत नाही. प्रवासात अडथळे येतात हेही धरून चाला. २०२० मध्ये चीनमध्ये शिकणारी मुले घरी आली आणि २०२२ पर्यंत त्यांना परत जाता आले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले आणि हजारो भारतीय विद्यार्थ्यांना ऑपरेशन गंगामधून आणावे लागले. एकाच संस्थेत शिकण्याच्या अटीमुळे त्यांचा प्रश्न आणखी अवघड झाला. म्हणून किमान एका वर्षाचा खर्च हाताशी राखून ठेवावा, व्हिसा आणि विम्याच्या तारखा घरातही लिहून ठेवाव्यात आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंद करावी. पासपोर्ट आणि मूळ गुणपत्रिका एजंटच्या ताब्यात कधीही राहू देऊ नयेत.

आधीच प्री-मेडिकलला असलेल्यांनी काय करावे?

घाबरून शिक्षण सोडू नका आणि लाजेने घरी लपवूही नका. पुढचा हप्ता भरण्याआधी महाविद्यालयाकडून चार गोष्टी लेखी मागा : वैद्यकीय अभ्यासक्रमाचे शुद्ध महिने, इंटर्नशिप कुठे आणि किती, परदेशी विद्यार्थ्याला त्या देशात परवाना मिळतो का, आणि सगळे शिक्षण एकाच संस्थेत होणार का. हे उत्तर जोडून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला ईमेल करा आणि आलेले उत्तर जपून ठेवा.

अटी पूर्ण होत नसतील आणि नीटचा निकाल अजून तीन वर्षांच्या आत असेल, तर ५४ महिन्यांची अट पूर्ण करणाऱ्या संस्थेत पहिल्या वर्षापासून प्रवेश घेता येतो. प्री-मेडिकलचे श्रेयांक तिथे वैद्यकीय अभ्यासक्रमात धरले जातील असे मानू नका. बीएस पूर्ण झाले असेल तर त्या पदवीवर भारतात पुढे शिकण्यासाठी समकक्षता लागते. यूजीसीने २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विनियम केले आहेत. दीड-दोन वर्षांत उरकलेल्या पदवीला ती मिळणे कठीण असते, म्हणून आधी चौकशी करा.

एजंटने खोटी माहिती देऊन पैसे घेतले असतील तर पावत्या, पत्रके, मोबाइलवरचे संदेश जपून ठेवा. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जवळची वाट आधी पाहा

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे आणि तिथे एमबीबीएसच्या १०० जागा आहेत. राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांत अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १३ टक्के आरक्षण आहे. म्हणजे एका बारामतीतच साधारण अकरा जागा होतात. अखिल भारतीय कोट्यात आरक्षण १५ टक्के आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश मिळाला तर अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि त्यावरच्या उत्पन्नाला फ्रीशिप मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही.

नीटसाठी आणखी एक वर्ष दिले आणि मग साडेचार वर्षे एमबीबीएस व एक वर्ष इंटर्नशिप केली, तर एकूण साडेसहा वर्षे होतात. प्री-मेडिकलची दोन, एमडीची चार, तिथल्या इंटर्नशिपचे एक, परीक्षेच्या तयारीचा काळ आणि इथल्या इंटर्नशिपचे एक धरले तर आठ वर्षांहून जास्त होतात, तेही अटी पूर्ण झाल्या तर. एक वर्ष वाया जाईल म्हणून परदेशाची घाई करणाऱ्यांनी हा हिशेब कागदावर मांडावा. पुण्यातल्या बार्टीमार्फत नीटच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती निघतात, त्यांवर लक्ष ठेवावे.

पर्याय कोणताही निवडा, कागद आधी लागतात. अकरावीतच जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्राचे काम सुरू करावे. केंद्राच्या योजनांसाठी बौद्ध विद्यार्थ्याच्या दाखल्यात मूळ अनुसूचित जातीची नोंद लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, पण दाखल्याचा नमुना चुकला तर अर्ज अडकतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नावातली स्पेलिंग आणि जन्मतारीख सर्व कागदांवर एकसारखी आहे का, हे पासपोर्ट काढण्याआधी तपासावे.

कार्यकर्त्यांसाठी

जयंती आणि वर्षावासाच्या काळात विहारात मुले आणि पालक एकत्र येतात. त्यातला एक रविवार या कामाला द्यावा. गावातल्या अकरावी-बारावी विज्ञानच्या मुलांची यादी करावी, प्रत्येकाचे दाखले तपासावेत आणि एजंटची पत्रके एकत्र बसून वाचावीत. वर दिलेल्या सात अटी एका कागदावर छापून विहाराच्या भिंतीवर लावाव्यात. ज्या कुटुंबाने कर्जाचा निर्णय घेतला आहे त्याला नावे न ठेवता त्याच्यासोबत बँकेत, समाजकल्याण कार्यालयात आणि वकिलाकडे जावे. एकट्या बापाला ‘उद्यापर्यंत पैसे भरा, नाहीतर जागा जाईल’ असे सांगणे एजंटला सोपे असते. सोबत गावातली दोन शिकलेली माणसे असली, की तोच एजंट कागद दाखवायला तयार होतो.

आपली मुले परदेशात जावीत, डॉक्टर व्हावीत, संशोधक व्हावीत. त्यासाठी जमीन जावी लागू नये, एवढी काळजी समाज म्हणून आपण घेऊ शकतो.

जय भीम.